सहा आठवड्यांचा कोर्स आणि एक भोक

"सहा आठवड्यांत साधी सायकल धड येत नाही," नवरा म्हणाला होता, "आणि तू कायदा शिकून आलीस."

पंधरा वर्षं तिने शिवणकाम केलं. मान धरायला लागली तेव्हा वकिलांच्या सहायकांसाठीचा कोर्स केला आणि एका वकीलबाईंच्या ऑफिसात तीन महिन्यांच्या बोलीवर लागली. पसंत पडली तर कायम, नाहीतर पुन्हा शिलाई मशीन.

फाइल कशी लावायची हे कोर्समध्ये घोटून घेतलं होतं: कागद तारखेने लावा, पंच करा, पान क्रमांक टाका. नोकरीच्या अकराव्या आठवड्यात एका भाडेकरूची फाइल तिने तशीच लावली. जुन्या कारकुनांनी ती उघडली आणि चष्मा कपाळावर चढवला.

"ताई, हा मूळ करार आहे."

"हो काका. पान सात."

"मूळ कागदाला भोक पाडत नाहीत. पाकिटात ठेवतात. शिकवलं नाही?"

"तिथे सगळ्या झेरॉक्सच होत्या."

भोक साक्षीदाराच्या सहीतून आरपार गेलं होतं. भाडेकरूचं घर त्या सहीवर टिकून होतं. कागदाशी छेडछाड झाली, असं म्हणायला घरमालकाच्या वकिलाला फार डोकं लागणार नव्हतं.

"बाई पाचला येतील," काका म्हणाले. "तुम्ही घरी जा. मी सांभाळून घेतो."

ती गेली नाही. पंचिंग मशीन तिने वर्तमानपत्रावर झटकलं. पांढऱ्या टिकल्यांचा ढीग पडला. तासाभराने निळ्या शाईची रेघ असलेली एक सापडली. ती पाकिटात घातली आणि प्रतिज्ञापत्र टाइप केलं: भोक कोणी पाडलं, कधी, का, तुकडा सोबत जोडला आहे.

बाईंनी ते दोनदा वाचलं. एक शब्द बदलला.

"हे कुठे शिकलात?"

"कोर्समध्ये. चौथा आठवडा."

"आणि भोक?"

"तेही तिथलंच," काका म्हणाले.

कोर्टात हरकत आलीच. न्यायाधीशांनी टिकली भोकावर ठेवून पाहिली, रेघ जुळली, करार पुराव्यात घेतला. महिनाअखेरीस बाईंनी तिला कायम केलं. टेबलाच्या खणाची किल्ली दिली.

पुढे कोर्सच्या संस्थेचा फॉर्म आला. कोर्स पुरेसा वाटला का? हो किंवा नाही. तिने दोन्ही चौकोन कोरे ठेवले आणि खाली लिहिलं: वर्गात एकतरी मूळ कागद ठेवा.