मिरगीचा कागद

"तुले एकट्याले देल्ला होता बे मी तो कागद! साऱ्या जिनिंगीत वाटाले नाही!"

आमचा फिटर माझ्या टेबलावर मुठी आपटत होता. आवाज असा, की सरकीच्या ढिगावरची कबुतरं उडाली ती सातपुड्यापार गेली. माझ्या माहितीप्रमाणे अजून परतली नाहीत. कापसातून सरकी काढायच्या त्या जिनिंग कारखान्यात मी हजेरी बाबू. वीस वर्षं आम्ही दोघं एका डब्यात जेवलो. इतक्या वर्षांत तो माझ्यावर पहिल्यांदा ओरडला.

त्याची सून बाळंतपणाला माहेरी गेली होती, तेव्हा त्याला मिरगीचे दोन झटके आले. बायकोशिवाय कोणाला ठाऊक नव्हतं. डॉक्टरनं लिहून दिलं, चालत्या मशीनजवळ ठेवू नका. तो कागद त्यानं दार लोटून माझ्या हातात दिला. मी त्याला गोदामात काम दिलं. इथवर मी शहाणा.

पण आमच्याकडे एक रीत होती, अन् ती माझ्याच डोक्यातून निघालेली. कोणाला रजा किंवा हलकं काम मिळालं की कारणाचा कागद कारखान्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचा. बाबूनं दोस्ताला सांभाळलं, असं कोणी म्हणू नये. ही युक्ती शिकायला दिल्लीहून साहेब येणार, असं मी चहाच्या टपरीवर सांगत असे. हात सवयीनं चालला. फोटो काढला, टाकला.

त्याचा मुलगाही आमच्याकडेच कामाला, तोही ग्रुपात होता. माहेराहून परतलेल्या सुनेनं फोटो नवऱ्याच्या मोबाइलवर पाहिला अन् चार महिन्यांची नात सासऱ्याच्या मांडीवरून उचलून नेली. "अब्बा, झटका आला अन् हातातून पडली तर?" एवढंच म्हणाली. तिला तरी काय बोलणार?

फिटरचा आरडाओरडा ऐकून मालकानं वकिलाला बोलावलं अन् विचारलं, "कामावर लागताना सही घेतली न सगळ्यांची? माहिती वापरा म्हणून?"

"नोकरीच्या कामापुरती माहिती वापरायला वैयक्तिक माहितीच्या नव्या कायद्यात वेगळी संमतीही लागत नाही," वकील म्हणाले. "मशीनपासून दूर ठेवलं, ते बरोबर. ग्रुपवर टाकणं हे कुठलं काम? अन् त्याची संमती घेतली होती का? जुन्या सहीत ती बसत नाही."

मालकानं माझ्याकडे पाहिलं. गप्पा मारून अस्वलाला झाडावरून उतरवणारा मी. मी खिशातला मोबाइल बाहेर घेतला.

ग्रुपवरचा फोटो काढून टाकला, ग्रुप बंद केला, कागद कुलपात ठेवले. सुनेच्या मनातलं मात्र मला काढता येत नव्हतं. तीन महिने फिटर माझ्याशी बोलला नाही. मग एका दुपारी मीच डबा घेऊन गोदामात गेलो, त्याच्या शेजारी कापसाच्या गठाणीवर बसलो. वकिलाचं सगळं बोलणं ऐकवलं, पदरचीही चार वाक्यं घातली, कायदा तुझ्याच बाजूनं आहे म्हणालो. तो जेवत राहिला.

"नातीले घेऊ देतात का आता?" मी विचारलं.

"बसाले लागली ती," तो म्हणाला. "चटईवर बसवतात. मी दारात बसतो."