उखर्डूच्या घरातला धूर

उखर्डूच्या आधीची भिकुबाईची लेकरं एकेक करून गेली होती. म्हणून हा जन्मल्याबरोबर तिने त्याला सुपात घातलं आणि घरामागच्या उकिरड्यावर नेऊन ठेवलं. शेजारणीने तिथून उचलून आणून पुन्हा भिकुबाईच्याच पदरात टाकलं. उकिरड्यावर सापडलेलं पोर मृत्यूला नको असतं, अशी समजूत. नाव पडलं उखर्डू, आणि गडी जगला की हो! शिंदखेड्याजवळच्या त्या गावात पुढे त्याच्याएवढा नांगर धरणारा दुसरा नव्हता. म्हातारी लेकाकडे बोट दाखवून कुणालाही सांगायची, "मना आंडोरले मरन नही."

चाळिशी ओलांडल्यावर उखर्डूला लघवीतून रक्त यायला लागलं. दुखत नाही, खुपत नाही, नुसतं लाल. दुखत नाही म्हटल्यावर आपल्याकडे कोण मनावर घेतो? भिकुबाई म्हणाली, "उन्हाळी शे, दुसरं काय!" मग धण्याचं पाणी झालं, सब्जा झाला, गूळ बंद झाला, बेंबीत एरंडेल घालून झालं. रक्त थांबायचं, महिनाभर दडून बसायचं, पुन्हा यायचं. थांबलं की सब्जाचा गुण, आलं की उन्हाचा दोष. या हिशेबात वर्ष गेलं आणि नांगर धरणारा गडी पांढराफटक पडला.

शेवटी बायकोने, सुगंधाने, गाडी जुंपायला लावली आणि त्याला धुळ्याला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी सळई घालून तपासलं आणि आडपडदा न ठेवता सांगितलं, "मूत्राशयात गाठ आहे, वाईट जातीची. कापून काढावी लागेल. पण अंगात रक्त नाही तुझ्या. जरा भरून येऊ दे, दिवाळी झाली की कापू. तोवर दर पंधरवड्याला येऊन लघवीची पिशवी धुऊन घ्यायची. रक्ताच्या गुठळ्या आत साचू द्यायच्या नाहीत. साचल्या तर वाट बंद होईल, आणि मग गाठीच्या आधी तुंबूनच मरशील."

उखर्डू निमूटपणे जाऊ लागला. रबरी नळी आत जायची, पिचकारीने औषधाचं पाणी सोडायचं, गुठळ्या बाहेर. लाजेने तो डोळे मिटून पडायचा. पण गाडीत बसून परत येताना हलकं वाटायचं, आणि लाजेपेक्षा जिवाचं पारडं जड, हे त्याला कळत होतं. दिवाळीपर्यंत तग धरायचा, एवढंच.

ते साल एकोणीसशे अठराचं. पावसाने आधीच पाठ फिरवली होती, आणि भादव्यात मानमोडीची साथ आली. सकाळी माणूस बैल सोडायचा, संध्याकाळी तापाने फणफणायचा, तिसऱ्या दिवशी तिरडीवर. त्यातही धडधाकट, तरणीताठीच जास्त. त्या पंधरवड्याला उखर्डू आणि सुगंधा धुळ्याला पोचले तर दवाखान्याच्या ओसरीवर पाय ठेवायला जागा नव्हती. डॉक्टर स्वतः तापात पडलेले. कंपाउंडर जीवराम फाटकातच आडवा आला.

"आत येऊ नका. गाठीने मरायच्या आधी या साथीनेच मराल."

"अहो पण धुवायचं? कापायचं?" सुगंधाने विचारलं.

"बाई, कापणाराच अंथरुणावर आहे."

जीवराम आत गेला. बऱ्याच वेळाने आला तो एक नळी आणि पिचकारी घेऊन. फाटकाबाहेरच्या लिंबाखाली त्याने सुगंधाला सगळं दाखवलं, दोनदा दाखवलं, तिसऱ्यांदा तिच्याकडून करवून घेतलं. "कापणं लांबलं, म्हणून आता रोज धुवायचं. नळी उकळायची, पाणी उकळायचं, लावायचं तेलही उकळायचं. हात राखेने चोळून धुवायचे. कितीही घाई असो, न उकळलेली नळी आत घालायची नाही. आत पू धरला तर मग कापूनही उपयोग नाही." उखर्डू तोंड फिरवून बैलांच्या पाठीवर हात फिरवत उभा होता. भर रस्त्यात आपल्या अंगाची अशी शिकवणी, मेल्याहून मेल्यासारखं झालं त्याला.

घरी आल्यावर तो म्हणाला, आपलं आपण करू. करायला गेला, तर नळी हातातून निसटून मातीत पडली. सुगंधाने ती उचलली, परत आधणात टाकली आणि दार लावून घेतलं.

"लाज धरीसन मरशात का? तुमचं काय मना डोयासले नवं शे?"

उखर्डूला हसू फुटलं, आणि हसता हसता रडूही आलं. तेव्हापासून ते काम तिचं झालं. गावात मरणं मोजायला कुणी उरलं नव्हतं, आणि या घरात मात्र रोज एका नळीला आधण चढत होतं. ती काम करताना त्याला चिडवायची, म्हणायची, विहिरीचा गाळ काढायलासुद्धा गडी एवढं कण्हत नाहीत. तो ऐकून घ्यायचा. दिवाळी जवळ येत होती.

मानमोडी हटेना, तेव्हा गावाने साथीच्या देवीचा, मरीमायचा गाडा काढायचा ठरवला. त्या गावची रीत कडक होती. लिंबाच्या डहाळ्यांनी सजवलेला लाकडी गाडा प्रत्येक घरावरून ओढत शिवेबाहेर नेऊन सोडायचा. तो शीव ओलांडेपर्यंत गावात एकही चूल पेटता कामा नये, गावातून कुणी बाहेर पडता कामा नये. एका घरात जरी धूर दिसला तरी मरीमाय त्या धुराच्या वासाने परत फिरते. अभिमन पाटलांनी आदल्या दिवशी दवंडी पिटवली. सगळ्यांनी शिळ्या भाकरी बांधून ठेवल्या आणि विस्तव विझवले.

नेमकं त्याच सकाळी उखर्डूचं तुंबलं. ऊन चढलं तसं ओटीपोट दगडासारखं झालं. तो अंथरुणावर गुडघे पोटाशी घेऊन लोळत होता, दातांत उपरणं धरलेलं. नळी कोरडी, काल वापरून ठेवलेली. पाणी गार. गाडा अजून पाटलांच्या गल्लीतच होता.

"तशीच घाल," तो म्हणाला.

"नही."

"मग राहू दे. गाडा गेल्यावर बघू. माझ्यापायी बठ्ठा गाव मारायचा का?" हे त्याने मनापासून म्हटलं. त्याचाही मरीमायवर विश्वास होताच, नाही कसा असेल?

सुगंधा सासूकडे बघत राहिली. तिचा विश्वास नव्हता असं नाही. भिकुबाई भिंतीला टेकून बसली होती. म्हातारीने गाड्याचा ढोल ऐकला, लेकाचं कण्हणं ऐकलं, मग उठली आणि कोपऱ्यातली गोवरी उचलून सुनेच्या हातात दिली. चूल पेटली.

धाब्याच्या झरोक्यातून धूर निघाला तो अख्ख्या गावाने पाहिला. ढोल थांबला. अभिमन पाटील माणसं घेऊन दारात आले. "कोना घरमा धूर शे?"

"मना घरमा," भिकुबाई उंबऱ्यात आडवी उभी राहिली. "मना पोऱ्या मराले टेकेल शे. काय करनं ते करा."

पाटील बाहेर ओरडत होते आणि आत सुगंधा राखेने हात चोळत होती. पाणी उकळलं, नळी उकळली, निवली. गुठळी सुटली आणि कोंडलेलं सगळं भडाभडा घमेल्यात आलं. उखर्डूला इतका आराम पडला की बाहेर काय चाललंय ते त्याला ऐकूच येईना. तो तिचा हात धरून पडून राहिला. चूल विझवूनच पाटील गाडा घेऊन पुढे गेले.

मानमोडी थांबली नाही. ती थांबणारच नव्हती, पण गावाला कारण मिळालं. सुगंधा पाणवठ्यावर गेली की बायका घागरी उचलून बाजूला व्हायच्या. ती आपली घागर भरून घरी यायची आणि आधण चढवायची. आणि मग एका सकाळी नळी उकळता उकळताच तिला हुडहुडी भरली. खोकल्यातून रक्त आलं. तिसऱ्या दिवशी ती गेली. जाण्याआधी तापात तिने एवढंच विचारलं, आज धुतलं का? उखर्डूने हो म्हटलं. धुतलं नव्हतं.

खांदा द्यायला कुणी आलं नाही. त्याने स्वतः गाडी जुंपली.

लोक म्हणाले, मरीमायने धूर करणारीलाच नेलं. उखर्डूच्याही मनात ते शिरलं, खोटं कशाला बोला. आपल्या लघवीपायी बायको गेली, हा विचार घेऊन तो रात्रंदिवस बसायचा. एकदा तर नळी फेकून द्यायला निघाला. तेवढ्यात गल्लीतून अभिमन पाटलांच्या धाकट्या सुनेची तिरडी गेली. थोरलीची आधीच गेली होती. उखर्डू दारातच थबकला. पाटलांच्या घरची चूल तर त्या दिवशी गार होती. मग?

तो आत आला आणि पाणी चढवलं. त्याच दिवसापासून आपल्या हाताने नळी घालायला शिकला. नळी निसटली तर थांबायचा, परत धुवायचा, परत उकळायचा. तिने घालून दिलेली रीत एक दिवस मोडली नाही. मार्गशीर्षात धुळ्याहून निरोप आला. डॉक्टर बरे झाले होते, हाडाचा सापळा झाला होता त्यांचा, पण हात शाबूत होता. त्यांनी पोट फाडून गाठ मुळासकट काढली. आत पू नव्हता. म्हणाले, "हे घरी कुणी सांभाळलं?" उखर्डूने नाव सांगितलं. नवरा बायकोचं नाव घेत नाही आपल्याकडे, त्याने घेतलं.

उखर्डू पुढे पुष्कळ जगला. भिकुबाई गेली, तो एकटाच राबत राहिला, दुसरं लग्न केलं नाही. आणि एक खोड लागली त्याला. गावात केव्हाही मरीमायचा गाडा निघो, गावभरच्या चुली विझल्या की हा आपली पेटवायचा. सुगंधाचं पितळी पातेलं चढवायचा, पाणी खळखळ उकळू द्यायचा, आणि दार सताड उघडं टाकून चुलीपाशी बसायचा. पहिल्या वेळी दगड आले. नंतर शिव्या. नंतर लोकांनी नाद सोडला, म्हणाले, येडं शे ते.

मग पटकीचं साल आलं. गाडा निघाला, ढोल वाजत होता, आणि म्हातारे अभिमन पाटील गल्लीच्या मागच्या अंगाने उखर्डूच्या दारात आले. नातू हगवणीने सुकत चालला होता. शिंदखेड्याच्या डॉक्टरने उकळलेलं पाणीच पाजा म्हणून बजावलं होतं, आणि गावात त्या घटकेला एकाच चुलीत विस्तव होता. पाटलांना आत यायचा धीर होईना. उंबऱ्याबाहेर उभे राहून खाली बघत म्हणाले, "उखर्डू, थोडं उकळेल पाणी दे भो."

उखर्डूला पाणवठा आठवला, खांद्यावाचून निघालेली गाडी आठवली. मग त्याने राखेने हात चोळून धुतले, पातेलं फडक्याने धरून उतरवलं, झाकण घातलं आणि तसंच पाटलांच्या हातात दिलं.

"भांडं तिन्हं शे, नाना," तो म्हणाला. "परत आणी देज्यात."