टाळ कुठी हायेत?

माझ्या लॅपटॉपवर 'जयंती फायनल' नावाच्या एकोणीस फायली आहेत. फायनल एक, फायनल दोन, फायनल खरंच, फायनल आता बास... प्रत्येक फाइलमागे एक माणूस आहे, ज्याने ती ऐकली आणि तोंड उघडलं. गाणं ऐकवा, 'कसं वाटलं?' विचारा आणि गप्प बसा. किस्से आपोआप साठतात. गाणं मात्र होतं तिथंच राहतं!

आधी मामला सांगते. आम्ही मूळचे अकोल्याचे. पप्पा मालगाडीवर लोको पायलट, बदली झाली म्हणून जयपूर. इथल्या रेल्वे कॉलनीत त्यांचा भीमगीतांचा ग्रुप आहे. बनसोडेकाका गाणी लिहितात आणि गातात, एकजण ढोलकीवर, एकजण पेटीवर आणि पप्पा टाळ वाजवतात. यंदा जयंतीला स्वतःचं रेकॉर्ड केलेलं गाणं स्पीकरवर लावायचं ठरलं. चौघांना वेगवेगळं रेकॉर्ड मी केलं. आता ते चारही आवाज एकमेकांना न खाता एका गाण्यात बसवायचे, म्हणजे मिक्स करायचं, तेही माझ्याच गळ्यात.

कारण मी रिकामी! इथल्याच सीतापुऱ्यातलं इंजिनीअरिंग पाचव्या सेमिस्टरला सोडून घरी बसलेली मुलगी. पप्पांनी अट घातली, "हे गानं माह्या कानाले बराबर लागलं, मी ओके म्हनलं, तं कॉलेजचं नाव नाई काढनार. नाई लागलं, तं गुपचूप परीक्षेचा फॉर्म भरजो."

मतलब माझं पुढचं सगळं आयुष्य पप्पांच्या दोन कानांवर.

*

राजा पार्कला साड्यांच्या दुकानावर तिसऱ्या मजल्यावर भंवरची खोली आहे. भंवर, ईशान आणि मी, दर रविवारी सकाळी तिथं जमतो आणि एकमेकांचे मिक्स ऐकतो. तिघांनाही काही येत नाही, पण तिघांनाही ते वेगवेगळ्या बाबतीत येत नाही, त्यामुळे चालतं.

सुरुवातीला सगळे एकमेकांना 'बढ़िया' म्हणायचे. एकदा भंवरने स्वतःचं गाणं लावलं. ईशान डोळे मिटून डोलायला लागला.

"भाई, गिटार क्या बैठा है! बढ़िया!"

भंवर स्क्रीनकडे बघतच राहिला. गिटार चुकून म्यूट राहिली होती. अख्ख्या गाण्यात एक तार वाजलेली नव्हती!

त्या दिवसापासून खोलीत 'बढ़िया', 'मस्त' आणि 'छान' बंद. जो म्हणेल त्याने तीन मजले उतरून सगळ्यांसाठी कचोरी आणायची. शिक्षा म्हणून ईशान कचोरी घेऊन आला, एक घास खाल्ला आणि म्हणाला, "वाह, बढ़िया है."

परत पाठवला!

*

हा ईशान म्हणजे ईशान जोशी. वडील विमा कंपनीत ऑफिसर, जन्म जयपूरचा. मराठी बोलतो, पण प्रत्येक वाक्याआधी जिना उतरल्यासारखा एक पायरी चाचपतो.

बनसोडेकाकांचा आवाज रेकॉर्ड करताना तो मदतीला आला होता. आमच्या भाषेत ज्या आवाजाला अजून घुमारा दिलेला नाही तो 'ड्राय'. घुमारा दिला की 'वेट'. ईशानने कानाला हेडफोन लावले आणि अत्यंत अदबीने फीडबॅक दिला, "काकाजी, तुमचा आवाज खूप सुका आहे. ओला करावा लागेल."

काका उठले. आत गेले. तांब्याभर पाणी घटाघट प्यायले, मिशा पुसत परत येऊन बसले.

"घे. झाला ओला. लाव."

आणि सांगायला लाज वाटते, पण दुसरा टेक खरंच चांगला आला.

*

पहिली फाइल ग्रुपला ऐकवली. पेटीवाले काका म्हणाले, पेटी वाढव. ढोलकीवाले म्हणाले, ढोलकी वाढव. बनसोडेकाका म्हणाले, शब्द कळले पाहिजेत, आवाज वाढव. पप्पा म्हणाले, "माहे टाळ कुठी हायेत?"

ग्रुप फोटो आला की म्हातारी माणसं आधी स्वतःला शोधतात ना, तसं. गाणं गेलं उडत, मी कुठंय?

मी चौघांनाही सारखं वाढवलं. म्हणजे प्रत्यक्षात काहीच बदललं नाही, गाणं फक्त मोठ्याने वाजायला लागलं. परत ऐकवलं. तिघे खूश! "आता कसं!"

पप्पा म्हणाले, "टाळ कुठी हायेत?"

*

ईशानचे वडील, जोशीकाका, मराठी मंडळाचे कार्यकर्ते. त्यांना संगीतातलं कळतं, असं त्यांनीच सगळ्यांना सांगून ठेवलंय. ईशानने उत्साहात त्यांना फाइल पाठवली. मला त्यांचा फोन आला.

"प्रज्ञा, फार सुंदर काम आहे हो. आपल्या मंडळाच्या कार्यक्रमातसुद्धा लावू. फक्त एक छोटीशी सूचना."

"बोला ना, काका."

"ते ध्रुवपदात 'भीम' येतं ना, दर वेळी... ते जरा खाली घेता येईल का? मतलब, व्हॉल्यूम. अर्थाबद्दल काही म्हणणं नाही हं माझं! ऐकायला सर्वसमावेशक वाटेल."

मी फोन कानापासून लांब धरून त्याच्याकडे बघितलं. मला वाटलं, त्यातून अजून काहीतरी बाहेर पडेल. नाव गाळा म्हणणारे ऐकून माहीत होते. नावाचा आवाज कमी करा म्हणणारा पहिल्यांदाच भेटला!

मी "बघते" म्हटलं. बसले आणि जिथं जिथं 'भीम' येतं, तिथं तिथं तो एकच शब्द सहा डेसिबलने वर केला. इतका वर, की ढोलकीसुद्धा दचकावी. फाइल पाठवून दिली.

दहा मिनिटांत मेसेज आला. 'आता बरोबर. पटकन समजून घेतलंस. छान!'

मी स्क्रीनशॉट ईशानला पाठवला. पुढच्या रविवारी वडिलांच्या 'छान'बद्दल तो न सांगता कचोरी घेऊन आला.

*

भंवर म्हणाला, आपण पोरं आहोत, एखाद्या जाणत्या माणसाला दाखवू. म्हणून बसने आमेरला गेलो. तिथं एक माथुर सर राहतात. त्यांच्या खोलीत जुनं मिक्सिंग बोर्ड आहे, त्यावर दहा-पंधरा बटणं, आणि 'आजकल के बच्चों को सुनना नहीं आता' हे वाक्य.

आम्ही लॅपटॉप उघडून गाणं लावलं. सरांनी डोळे मिटले आणि बोर्डावरचं एक बटण केसभर फिरवायला सुरुवात केली. थोडं डावीकडे. थोडं उजवीकडे. अर्धा तास!

"अब सुनो. खुला ना? अब गाना साँस ले रहा है।"

भंवरने मान डोलावली. ईशानने डोलावली. मीसुद्धा डोलावली, आणि मनापासून. मला खरंच गाणं मोकळं झाल्यासारखं वाटलं!

निघताना वायर गुंडाळायला म्हणून मी लॅपटॉपमागे हात घातला. वायर नव्हती. बोर्डाला लॅपटॉप जोडलेलाच नव्हता. अर्धा तास गाणं लॅपटॉपच्याच स्पीकरवर वाजत होतं.

मी सांगून टाकलं. मला पोटात ठेवता येत नाही. सर जराही हलले नाहीत.

"तो क्या हुआ, बेटा? फ़र्क़ तो तुम्हारे कान में आया ना?"



*

मग पप्पांचा हट्ट. दर फाइलला एकच प्रश्न, टाळ कुठी हायेत? मी टाळ वाढवले. मग अजून वाढवले. चौदाव्या फाइलपर्यंत ते ढोलकीच्या डोक्यावर चढून बसले. रविवारी भंवरने कानात बोटं घातली आणि उठून बाल्कनीत गेला. ईशान म्हणाला, "ठीक है... मतलब, ठीकच आहे," एवढंच.

म्हणून मी फाइल एका ऑनलाइन ग्रुपवर टाकली, जिथं अनोळखी लोक फीडबॅक देतात. 'बासबहादूर' नावाच्या कुणीतरी लिहिलं, 'ज्याने टाळ मिक्स केलेत त्याला त्याच टाळांमध्ये चिरडलं पाहिजे. कानातून रक्त येणं बाकी आहे.'

मी पेटले. दोन दिवस त्याच्याशी भांडले. तिसऱ्या दिवशी त्याने लिहिलं, 'और वो काकाजी का आवाज अजूनही सुका आहे.'

"ईशान!!"

"मग काय करू?" तो फोनवर जवळजवळ रडत म्हणाला. "तोंडावर सांगितलं की तू चावतेस!"

*

अठरावी फाइल घेऊन मी पप्पांसमोर बसले. सकाळचे दहा वाजले होते. पप्पा ड्यूटीवरून येऊन, अंघोळ करून, चहा पीत होते. जयंतीला चार दिवस राहिले होते.

त्यांनी गाणं पूर्ण ऐकलं. "गानं चांगलं हाय. पन टाळ..."

"पप्पा, प्लीज!" मी ओरडले. "सगळी दुनिया म्हणतेय कान फुटतात. तुम्हाला फक्त तुमचंच वाजवणं ऐकायचंय! सगळे म्हातारे सारखेच!"

आईने स्वयंपाकघरातून, "प्रज्ञा!" म्हटलं. मी थांबले नाही. हेडफोन पप्पांच्या कानांवर चढवले. आवाज, ढोलकी, पेटी, सगळं बंद केलं. फक्त टाळांचा ट्रॅक ठेवला. व्हॉल्यूम पूर्ण. प्ले दाबलं. हातभर अंतरावरून, हेडफोनच्या बाहेरून, मला ते किणकिणताना स्वच्छ ऐकू येत होते. छन् छन् छन् छन्.

पप्पा माझ्याकडे बघत होते. वाट बघत होते.

मग म्हणाले, "चालू केलं का?"

आमच्या फ्रिजचं दार उघडं राहिलं की तो अगदी बारीक, वरच्या पट्टीत टीं टीं करतो. पप्पा त्याच्यासमोर तसेच उभे राहून पाणी पितात. आम्ही वर्षभर म्हणत होतो, किती बेफिकीर माणूस!

माझ्या चेहऱ्यावर काय होतं मला माहीत नाही. पप्पांनी ते पाहिलं. हळूच हेडफोन काढले आणि चटईवर ठेवले. स्वयंपाकघराकडे एकदा बघून घेतलं.

"मेडिकल पुढच्या मयन्यात हाय," ते खालच्या आवाजात म्हणाले. लोको पायलटचं मेडिकल म्हणजे डोळे आणि कान. कान गेले की इंजिनावरून खाली.

मी लॅपटॉपवर सगळं पुन्हा चालू केलं. सगळं म्हणजे, आवाज, ढोलकी, पेटी. एकोणिसावी फाइल. हेडफोन पुन्हा त्यांच्या कानांवर ठेवले आणि गाणं पहिल्यापासून लावलं.

पप्पांनी डोळे मिटले. गुडघ्यावर त्यांची बोटं पडत होती, टाळ जिथं जिथं पडायला हवेत नेमकं तिथं, एकही मात्रा न चुकता. शेवटपर्यंत.

"आता आले टाळ," ते म्हणाले. "एकदम बराबर. ओके हाय. कॉलेजचं नाव नाई काढत मी."

अठरा फायलींनंतर मी जिंकले होते. फक्त तोंड बंद ठेवायचं होतं.

"पप्पा," मी म्हटलं, "यात टाळ बंद आहेत."

पप्पा बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिले, जशी सिग्नलकडे बघायची सवय असते तसे. मग त्यांनी हेडफोन नीट करून पुन्हा कानांवर बसवले.

"मंग चालू कर ना, माय," ते म्हणाले. "अन् वाजले की मले सांग."