ऑपेराचा सगळ्यात वरचा सज्जा

मराठी मंडळाच्या पत्रकासाठी फोटो शोधताना काल न्यू ऑर्लीन्सच्या जुन्या फ्रेंच ऑपेरा हाउसचं चित्र समोर आलं, आणि माझे कान तापले.

नव्वदच्या दशकातला दमट उन्हाळा. मी शाळेत होते. आम्ही राहायचो त्या शुगर लँड गावाहून शैलाकाकूंच्या व्हॅनमधून आम्ही तिथे फिरायला गेलो होतो. परक्या देशात बाबांना हक्काने जावं असं मराठी घर काकूंचं तेवढं एकच होतं. ऑपेरा हाउस केव्हाच जळून गेलेलं, त्या जागी हॉटेल. आमच्या गाइड, एक कृष्णवर्णीय आजी, फुटपाथवर उभ्या राहून जुनं चित्र दाखवत होत्या: पांढरी दर्शनी भिंत, आत लंबगोल प्रेक्षागृह, एकावर एक चढवलेले सज्जे. "सगळ्यात वरचा आमच्या लोकांसाठी," त्या म्हणाल्या.

"किती वाईट! आपल्याकडे असलं काही नव्हतं हं," काकू हळहळल्या.

बाबा एरवी मध्ये बोलत नसत. पण आजींना कळावं म्हणून ते इंग्रजीत म्हणाले, "आमच्या गावात तर आम्हाला नाटकाच्या मांडवातच घेत नव्हते."

आजींनी त्यांचा हात हातात घेतला. परतताना व्हॅनमध्ये काकू मागे वळून म्हणाल्या, "भाऊ, इतके दिवस आमच्याकडे जेवता, कधी बोलला नाहीत ते!"

जणू आम्ही फसवलं होतं. आणि बाबा म्हणाले, "सॉरी, वहिनी."

तेव्हा मला बाबांचीच लाज वाटली. आज वाटते ती आपली, मराठी म्हणवणाऱ्या सगळ्यांची. माझ्या बापाला जेवल्याबद्दल माफी मागावी लागली.