ठिपक्यांचा चार्ट

कडा गावाजवळच्या एका दूध केंद्रात मी कॉम्प्युटरवर बसते. गावोगावचं दूध आणि त्याचं फॅट रोज भरायचं, महिनाअखेरीला त्याचं पिव्होट टेबल, म्हणजे गावागणिक बेरजांचा तक्ता, करून चेअरमनसाहेबांना द्यायचं. सोबत खांबांचा चार्ट. ज्या गावचं दूध जास्त, त्याचा खांब उंच.

त्या खांबांपायीच डोंगराकडच्या एका वस्तीची गाडी बंद करायचं घाटत होतं. "एवढ्याशा दुधासाठी गाडी कावून पाठवायची?" साहेब म्हणाले. त्यांचं तरी काय चुकलं? चार्टमध्ये ती वस्ती दिसतच नव्हती. पण तिथल्या म्हशींच्या दुधाला सगळ्यांत जास्त फॅट लागतं, हे मी रोज बघत होते.

मला दूध आडवं, फॅट उभं आणि गावागणिक एक ठिपका, असा चार्ट हवा होता. पिव्होट टेबलवर क्लिक करून काढायला गेले, तर कॉम्प्युटर ऐकेना. या टेबलावरून असा चार्ट होत नाही, हाच निरोप पुन्हा पुन्हा. जेवणाचा डबा तसाच राहिला. फॅट तपासणाऱ्या बाई म्हणाल्या, "सोड की गं. खांब काय वाईट हायेत?"

"न्हाई सोडत," मी म्हणाले.

शेवटी टेबलापासून लांब, रिकाम्या जागी क्लिक केलं आणि ठिपक्यांचा नुसता कोरा चार्ट घातला. मग त्याला हातानं दाखवून दिलं: आडव्याला हा दुधाचा रकाना घे, उभ्याला हा फॅटचा. ओके दाबलं आणि पांढऱ्या चौकटीत ठिपके उमटले! मी खुर्चीतून उठलेच. बाईंना हाताला धरून ओढत आणलं.

बैठकीत साहेबांनी कागद हातात घेतला. "हा वर एकटाच कोण बसलाय?"

"तुमी ज्यांची गाडी बंद करायलात, ते."

साहेबांनी त्या ठिपक्यावर बोट ठेवलं. मग कागद शेजारच्या संचालकांकडे सरकवून म्हणाले, "गाडी चालू राहू द्या. लई चांगलं दूध हाय हे."

त्या दिवशी घरी जाताना मी रस्ताभर एकटीच हसत होते. पुढं गेवराईकडच्या एका केंद्रातून फोन आला, "मॅडम, तो ठिपक्यांचा चार्ट आमाला शिकवता का?" मॅडम! मी फोन स्पीकरवर टाकला, बाईंनाही ऐकू जावं म्हणून.