पेन्सिलकाका आणि सातवा भाग

पेन्सिलकाका कुठलंही पुस्तक मागून उघडायचे. शेवट आधी वाचायची खोड म्हणून नव्हे. गोष्टीच्या शेवटच्या पानाला ते चुकूनही हात लावत नसत. त्यांना बघायचं असे ते त्याच्याही मागचं कोरं पान. ऐंशीच्या दशकात ज्यांनी उपनगरातल्या एखाद्या वाचनालयातून पुस्तकं नेली आहेत, त्यांना हे पान नक्की आठवत असेल. कोरं फक्त नावाला. आधी वाचून गेलेल्यांची मतं तिथे खालीवर, आडवीतिडवी लिहिलेली असायची. ‘छान.’ ‘बोअर.’ ‘लेखकाला एकदा भेटायचं आहे, काठी घेऊन.’ ‘दीडशे पानांपर्यंत दम धरा.’ आणि त्याखाली दुसऱ्या अक्षरात, ‘धरला. उपयोग नाही.’ काका ही सगळी मतं बोट ठेवून, ओठ हलवत वाचायचे आणि मगच पुस्तक काखोटीला मारायचे. “आधी कोण कोण येवन गेला ता बघूक नको?” ते म्हणायचे. “परक्याच्या घरात शिरताना दारातली पायताणां बघतंव ना, तसा.”

त्यांचं खरं नाव वाचनालयाच्या रजिस्टरमध्ये होतं, आमच्यापैकी कुणाच्या तोंडी नव्हतं. उजव्या कानामागे कायम पेन्सिलीचा एक तुकडा, म्हणून पेन्सिलकाका. राहायला वाकोल्याला, नोकरी वांद्र्याच्या एका सरकारी कचेरीत लिफ्टमनची. शाळा गावीच चौथीत सुटली होती. लिफ्टमधल्या स्टुलावर बसून, दोन मजल्यांच्या मधल्या वेळात ते वाचायचे. “माझा वाचन तीन ओळी वर, तीन ओळी खाली,” असं स्वतःच हसून सांगायचे. एका जाड पुस्तकाला त्यांना तीन-चार महिने लागत. दर पंधरा दिवसांनी ते इमानदारीत येऊन पुस्तकाची मुदत वाढवून नेत आणि त्या निमित्ताने रविवारची सकाळ वाचनालयाच्या बाकावर काढत.

त्या बाकावर आम्हीही असायचो. मी कॉलेजात मराठी साहित्य घेतलेलं, सोबत दोघी-तिघी मैत्रिणी, आणि आमच्या सगळ्यांच्या डोक्यात त्या वर्षी एकच वेड होतं: ‘सात खोरी’. एका नदीच्या काठची सात राज्यं, एक हद्दपार राणी, बोलणारे डोंगर, आणि तिला एका खोऱ्यातून दुसऱ्या खोऱ्यात नेणारा आंधळा नावाडी. सहा जाडजूड भाग आले होते, सातवा येणार येणार म्हणून दोन वर्षं गाजत होता. असल्या अचाट कादंबऱ्यांना आमचे प्राध्यापक नाक मुरडायचे, म्हणून आम्ही त्या जास्तच गांभीर्याने वाचायचो. वाद एकाच गोष्टीवर पेटायचा. नव्या वाचकाने सुरुवात कुठून करावी? मी पहिल्या भागाच्या बाजूची. क्रमाने वाचत नाही त्याने वाचूच नये, असं माझं एकोणिसाव्या वर्षीचं ठाम मत होतं. त्या वयात माझी सगळीच मतं ठाम होती.

आणि पहिल्या भागाच्या मागच्या पानावर पेन्सिलीने, मोठ्या डुगडुगत्या अक्षरात लिहिलेलं होतं: ‘येथून सुरू करू नये. दुसरा भाग आधी घ्यावा. मग मागे यावे. एक वाचक, वाकोला.’

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी बाबांनी मॅट्रिकला घेऊन दिलेलं शाईचं पेन काढलं आणि खाली, अक्षर मुद्दाम डावीकडे झुकवून लिहिलं: ‘हा कोण शहाणा?’ पुढच्या महिन्यात त्याखाली पेन्सिल उमटली: ‘शहाणा नाही. पण तीन माणसांना पहिल्यापासून दिला, तिघांनी परत केला. दुसऱ्यापासून दिला, सहा भाग वाचले.’ मग मी दुसऱ्या भागात टोला हाणला, त्यांनी तिसऱ्यात उत्तर दिलं. असं आमचं भांडण चार भाग चाललं, आणि या बाकावर माझ्याशेजारी बसून शेंगदाणे खाणारे काकाच ते वाकोल्याचे वाचक आहेत हे मला कळलं ते, गंमत म्हणजे, त्यांनीच मोठ्या कौतुकाने मला सांगितलं म्हणून. माझ्या आईचं माहेर वेंगुर्ल्याकडचं हे समजल्यापासून ते माझ्याशी मालवणीतच बोलायचे. “गो बाय, हय एक शाईवालो आसा. माका लय शिव्या घालता. पण वाचलेलो मानूस. चौथ्या भागात त्येनां त्या डोंगराबद्दल काय लिवलाहा! मी दोनदा वाचलंय.”

तो शाईवालो मीच, असं त्याच क्षणी हसत सांगायला हवं होतं. मी नाही सांगितलं. मजा वाटत होती, आणि खरं सांगायचं तर लाजही वाटत होती. आपण इतक्या तावातावाने ज्याच्याशी वाद घालतोय तो चौथी शिकलेला लिफ्टमन निघावा, याची. तेव्हा मला वाटलेली गोष्ट हीच होती. माझ्या मधल्या बोटावर शाईचा डाग कायम असायचा. काकांशी बोलताना मी तो हात मांडीखाली घेऊन बसू लागले.

त्यांचा जीव होता नावाड्यावर. राणी, तलवार, डोंगर यांचं त्यांना फारसं काही नव्हतं. “दिसना नाय, तरी पलीकडे पोचयता. आनी कोन बसलो ता इचारना नाय,” एवढंच त्यांचं म्हणणं. दुसऱ्या भागाबद्दलचं त्यांचं म्हणणंही मी तिथेच नीट ऐकून घेतलं. “पयल्या भागात लेखक भियालेलो आसा. वाचनारो पळात म्हनून सगळा एकदम सांगूक बघता. आजे, पणजे, कोन कोनाचो मामा. दुसऱ्यात त्येका धीर इलो. मगे तो गोष्ट सांगूक लागलो. धीर इलेल्या मानसाकडसून ऐकूचा, मगे भियालेल्याचाय ऐकूक बरा वाटता.” मी मान हलवली आणि मनात म्हटलं, यांना रचना वगैरे काही कळत नाही.

अखेर सातवा भाग आला. यादीत माझा नंबर पहिला, काकांचा दुसरा. मी पाच दिवसांत वाचून काढला, आणि शेवटी तो नावाडीच पहिल्यापासून फितूर होता असं निघालं. मी हादरले होते. पण हादरल्यापेक्षाही मला जास्त काय वाटलं असेल, तर जिंकल्यासारखं. नव्या कोऱ्या पुस्तकाचं मागचं खरोखरच कोरं पान समोर होतं. मी पेन उघडलं आणि लिहिलं: ‘सहा भाग ज्यांना नावाड्याचा पुळका होता त्यांनी आता खुशाल रडावं. तो सुरुवातीपासून फितूर आहे. क्रमाने वाचणाऱ्यांना हे आधीच कळलं असतं.’ काका पुस्तक मागून उघडतात हे मला पक्कं माहीत होतं. तरी लिहिलं. की म्हणूनच लिहिलं, याचं उत्तर मी इतक्या वर्षांत स्वतःला नीट दिलेलं नाही.

पुढच्या रविवारी काका पुस्तक घेऊन आले ते सरळ बाईंच्या टेबलाशी गेले. या वाचनालयाच्या बाई कडक. पुस्तकाचा कोपरा दुमडलेला दिसला तरी त्यांना घरच्या माणसाला लागल्यासारखं व्हायचं. मी बाकावर होते. काकांच्या आवाजात राग नव्हता. “बाई, ह्या पानावर जरा कागद चिकटवा. कुणीतरी शेवट लिवलाय. माझं राहू दे, मी वाचला. पन पुढच्याचा इरस नको व्हायला.”

बाईंनी पान बघितलं आणि त्यांचा पारा चढला. “नवं पुस्तक! आठवडा नाही झाला! मागच्या पानांवर लिहायची सवय कुणाला आहे ते सगळ्या वाकोल्याला ठाऊक आहे.”

“मी पेन्सिलीने लिवतो, बाई.”

“पेन नसतं का घरात?” आणि बाई माझ्याकडे वळल्या. “तू आणून दिलंस तेव्हा पान कोरं होतं ना गं?”

आणखी आठ दिवसांनी वाचनालयाचा वार्षिक समारंभ होता. ‘सात खोरी: सुरुवात कुठून करावी?’ या विषयावर बोलायला बाईंनी मला निवडलं होतं. पत्रिका छापून झाली होती, त्यावर माझं नाव होतं, आणि ती पत्रिका बाबांनी घरी शोकेसच्या काचेला लावली होती. हे सगळं माझ्या डोक्यातून किती भर्रकन गेलं म्हणून सांगू.

“हो,” मी म्हटलं. “कोरं होतं.”

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या हाताकडे. मी हात पदराखाली घेतला, पण तोवर उशीर झाला होता. मला वाटलं, आता बोलणार. ते बाईंकडे वळून म्हणाले, “ती कशाला खोटं बोलेल? असेल. माझ्याच हातून काही झालं असेल.” बाईंनी त्यांचं कार्ड मागितलं. त्यांनी ते शर्टाच्या खिशातून काढून, सरळ करून टेबलावर ठेवलं. त्यावर पुस्तक ठेवलं. शेवट कळल्यावरही तीसेक पानं वाचून झाली असावीत, कारण तिथे लिफ्टमधल्या कुठल्याशा कागदाची खूण होती. ती खूण काढून घ्यायला मात्र ते विसरले नाहीत.

समारंभाला शंभरेक माणसं आली होती. पहिल्या भागाच्या बाजूने मी चार पानं पाठ करून गेले होते. उभी राहिले आणि त्यातलं एक वाक्य आठवेना. समोर दुसऱ्या रांगेत एक खुर्ची रिकामी दिसत होती, ती काकांचीच असं मला उगाच वाटत राहिलं. आणि माझ्या तोंडून निघालं, “पहिल्या भागात लेखक घाबरलेला आहे. दुसऱ्यात त्याला धीर आला आहे.” पुढचं सगळं काकांचंच, फक्त प्रमाण भाषेत. टाळ्या पडल्या. बाई म्हणाल्या, “काय वेगळा विचार केलायस गं!” बाबांनी घरी जाताना पेढे घेतले. त्यातला एक मीही खाल्ला.

दोन आठवडे मी वाचनालयाची पायरी चढले नाही. मग एका दुपारी वांद्र्याला त्यांच्या कचेरीत गेले. लिफ्टचा जाळीचा दरवाजा उघडला तर आत स्टुलावर काका, पण मांडीवर पुस्तक नव्हतं. “गो बाय! खयच्या मजल्यार?” मी म्हटलं, “कुठल्याच नाही.” त्यांनी दरवाजा ओढला आणि आम्ही वर गेलो. तिसऱ्यावर दोन कारकून चढले, पाचव्यावर उतरले. मग खाली. पुन्हा वर. दर वेळी मी तोंड उघडायचे आणि कुणीतरी आत यायचं. खरं म्हणजे एकदा पाचव्यापासून तळापर्यंत आम्ही दोघंच होतो. तेव्हाही मी बोलले ते एवढंच की, “काका, माझ्या कार्डावर सातवा भाग आणून देते.”

“नको. दुसऱ्याच्या कार्डार पुस्तक हाडना बरा नाय,” ते म्हणाले. “त्या नावाड्याचो मी इचार केलंय. माका पयलो लय राग इलो. मगे म्हटला, तो वायट नाय. भियालो आसतलो. मानूस भियालो काय खोटा बोलता. लेखकान ता लिवला नसात तर त्येचा चुकला.”

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांना सगळं ठाऊक होतं, आणि तरीही मी “काका, ते मी लिहिलं” हे चार शब्द बोलले नाही. त्यांनी कानामागचा तुकडा काढला आणि माझ्या हातात, बरोबर त्या शाईच्या बोटाशी ठेवला. “ही ठेव. पेन्सिलीन लिवलेला खोडूक येता.” तळमजला आला होता. बाहेर पाच-सहा माणसं ताटकळत होती. मी उतरले.

एक वाक्य बाईंना सांगितलं असतं तर त्यांचं कार्ड त्यांना परत मिळालं असतं. पुढच्या रविवारी सांगू, परीक्षा झाली की सांगू, असं करता करता वर्ष गेलं. नंतर वांद्र्याला गेले तेव्हा लिफ्टमध्ये दुसरा माणूस होता. काका निवृत्त होऊन मालवणकडे गावी गेले, एवढंच त्याला माहीत होतं. गावाचं नाव आतल्या कचेरीत विचारून मिळालं असतं. मी विचारलं नाही. मला, लाज वाटते सांगायला, सुटल्यासारखं वाटलं.

पुढे पुस्तकांवर लिहिणं, बोलणं हाच माझा व्यवसाय झाला. ‘सात खोरी’ आजच्या मुलांनी पुन्हा शोधून काढली आहे. भेटतात, विचारतात, मॅडम, कुठून सुरुवात करू? मी सांगते, दुसऱ्या भागापासून. पहिल्यात लेखक घाबरलेला आहे. ती मुलं ते वहीत उतरवून घेतात आणि पुढे माझं नाव घालून छापतात. दर वेळी ठरवते की आता सांगायचं हे मत कुणाचं. आणि दर वेळी तोंडाशी येऊन राहतं. एकोणिसाव्या वर्षी मी एकदा भ्याले, असं म्हणून मला सुटता येत नाही. मी अजून भितेच आहे.

पेन्सिलीचा तो तुकडा माझ्या टेबलाच्या खणात आहे. मी त्याने कधी काही लिहिलं नाही, त्याला टोकही केलेलं नाही. आज हे लिहायला बसले तेव्हा पहिल्यांदा तोच हातात घेतला होता. मग परत खणात ठेवला आणि बाबांनी दिलेलं जुनं पेन शोधून, धुऊन, त्यात शाई भरली. हे सगळं शाईने लिहिलं आहे, खोडता येऊ नये म्हणून.