सगळे आकडे शून्याखाली

त्या संध्याकाळी मला उत्तर माहीत होतं. वर्गातल्या एका बाईंचा प्रश्न विचारून संपायच्या आत कळलं होतं. तरी मी माहीत नसल्यासारखं केलं, आणि हे आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही.

घाटकोपर स्टेशनपासून पाच मिनिटांवर, एका मिठाईच्या दुकानाच्या वर आमचा कॉम्प्युटर क्लास आहे. क्लास दुसऱ्याचा, शिकवतो मी. ज्यांनी आयुष्यात कोडची एक ओळ लिहिलेली नाही अशांची पहिली बॅच गेली वीस वर्षं माझ्याकडेच असते. त्यांचे प्रश्न मला पाठ आहेत. खरं तर ते प्रश्नच नसतात. "सर, चालत नाहीये." "सर, लाल लाल येतंय." लाल अक्षरांत काय लिहून आलंय ते वाचायचं नाही. स्क्रीन माझ्याकडे वळवली की त्यांचं काम संपलं. मी विसरलेला कंस भरतो आणि पुढच्या खुर्चीकडे जातो.

या बाईंनी मात्र एकदाही तसं विचारलं नाही. तिशी ओलांडलेल्या, माहुलच्या कोळी घरातल्या. सासू बाजारात मासळी विकायला बसायची आणि त्या स्वतः मासळीच्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये कामाला होत्या. दर तासाला आत जाऊन तापमान बघायचं आणि रजिस्टरमध्ये लिहायचं. थंडीने त्यांच्या बोटांची पेरं सुजलेली असायची. तिथल्या ऑफिसात कॉम्प्युटरवर बसायची एक जागा रिकामी होणार होती. साहेब म्हणाले होते, काहीतरी करून दाखवा, मग बघू. त्या थंडीतून बाहेर पडायचं म्हणून त्या क्लासला आल्या होत्या.

त्या वहीत तीन ओळी लिहून आणायच्या. मी काय लिहिलं. काय येईल असं वाटलं. काय आलं. मग दुसऱ्या आणि तिसऱ्या ओळीवर बोट ठेवायच्या, "सर, या दोघांत फरक का?" हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. पुढे मोठमोठ्या कंपन्यांत गेलेली मुलं माझ्या हाताखालून गेली, पण असा प्रश्न विचारणारं त्यांत कोणी आठवत नाही. एकदा शेजारचा मुलगा म्हणाला, "ताई, फोनला विचारा ना. अख्खा प्रोग्रॅम देतो एका सेकंदात." त्या म्हणाल्या, "तो देईल रे. पण मग शिकला तो ना, मी कुठे?"

त्या संध्याकाळी आकड्यांच्या यादीतला सगळ्यात मोठा आकडा शोधायचा प्रोग्रॅम चालला होता. माझ्या नोट्समधली पद्धत सोपी होती. एक जागा ठेवायची, तिच्यात आधी शून्य घालायचं. मग यादीतला एकेक आकडा तिच्याशी ताडायचा, मोठा निघाला तर त्या जागेत तो ठेवायचा. शेवटी तिथे जो उरेल तो सगळ्यात मोठा. उदाहरण परीक्षेच्या गुणांचं होतं. मुलगा कितीही ढ असला तरी त्याला शून्याखाली गुण पडत नाहीत, त्यामुळे इतकी वर्षं कुठे अडलं नव्हतं.

यांनी गुणांऐवजी रजिस्टरमधली तापमानं घातली.

"सर, दिवसभरात सगळ्यात जास्त चढलं ते मायनस सोळा. ते यायला हवं होतं. शून्य आलं."

"एखादं शून्य चुकून टाईप झालं असेल."

"तीनदा तपासलं सर. यात शून्य कुठेच नाही. मग ते आलं कुठून?" आणि जरा थांबून, "आमच्याकडे शून्य म्हणजे अख्खा माल गेला."

मागून कोणीतरी ओरडलं, "काय ताई, बोंबलाला ताप आला काय?"

"आला असता तर पहिला तुझ्याच ताटात वाढला असता रे!"

सगळा वर्ग हसला, त्याही हसल्या. मग हसू आवरून त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

शून्य माझं होतं. मीच ते आधी त्या जागेत ठेवायला सांगितलं होतं, आणि त्यांच्या यादीतला एकही आकडा त्याहून मोठा नव्हता. ते हलणार कसं? त्या नोट्सवर आमचा क्लास चालतो असं लोक म्हणायचे. मला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त राग आला.

"मायनस आकड्यांसाठी नाही हा प्रोग्रॅम," मी म्हणालो. "नोट्समधली उदाहरणं करा. आधी बेसिक पक्कं होऊ द्या."

पुढच्या आठवड्यात त्या वही घेऊन आल्या. रजिस्टरमधले चोवीस आकडे पानावर एकाखाली एक, आणि प्रत्येकापुढे त्या क्षणी प्रोग्रॅममधल्या त्या जागेत काय आहे ते लिहिलेलं. चोवीस वेळा शून्य.

"सर, रागावू नका. मी तुमची पद्धत मोडली. शून्य ठेवलंच नाही. यादीतला पहिला आकडा घेऊन सुरुवात केली, मग बाकीचे ताडले. मायनस सोळा आलं. पण हे चुकीचं असेल ना?"

ते चुकीचं नव्हतं. करायची रीत तीच. ती त्यांनी सुजलेल्या बोटांनी, कागदावर, एकट्याने शोधून काढली होती आणि माफी मागत माझ्यापुढे ठेवली होती. इतकं स्वच्छ डोकं माझ्या वर्गात दुसरं बसलेलं नाही.

"काम होतंय ना, झालं तर," मी म्हणालो.

"मग साहेबांना दाखवू?"

वर्ग ऐकत होता. यांचं बरोबर म्हटलं की माझं चूक म्हणावं लागणार होतं.

"एवढ्यात नको. अजून थोडं शिका."

त्यांनी दाखवलं नाही. जागा दुसऱ्याला मिळाली. क्लासच्या शेवटच्या दिवशी त्यांनीच मला हे सांगितलं, मनात काही न ठेवता. "बरं झालं सर, चुकीचं दाखवून हसं झालं असतं." मधल्या दोन महिन्यांत त्या एकही दिवस चुकल्या नाहीत. पण तीन ओळींचं पान पुन्हा माझ्यापुढे आलं नाही.

पुढच्या बॅचच्या नोट्समध्ये मी शून्य काढून पहिला आकडा घातला. क्लासच्या मालकांच्या ते लक्षात आलं. "इतक्या वर्षांनीही नोट्स सुधारता, मानलं सर तुम्हाला." मी "चालायचंच" म्हणालो. आता पहिल्याच दिवशी मी मुलांना तीन ओळींत प्रश्न लिहायला लावतो. सरांची पद्धत म्हणून ती बाकीच्या बॅचमध्येही गेली आहे. मी कोणाला दुरुस्त केलेलं नाही.

गेलेली जागा मला परत देता येणार नाही. त्यांचा नंबर प्रवेशाच्या फॉर्मवर आहे. घाटकोपरहून माहुल काही लांब नाही. मी फोन केलेला नाही, गेलेलोही नाही. तुमचा प्रोग्रॅम बरोबर होता, नोट्स माझ्या चुकल्या होत्या आणि दाखवू नका हे मी स्वतःला वाचवायला म्हणालो, एवढं त्यांच्या तोंडावर सांगायचं मी त्यांना देणं लागतो.